विचारप्रणालीची चिकित्सा : तथागत, फुले, आंबेडकर आणि आपण

सामाजिक तत्त्वज्ञानात ‘विचारप्रणाली’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. एखाद्या पक्षाची वा चळवळीची मते हा त्याचा रूढ अर्थ. दुसरा अर्थ अधिक खोल आहे. माणसांनीच घडवलेली विषम व्यवस्था निसर्गसिद्ध वा ईश्वरनिर्मित आहे असे भासवणाऱ्या, आणि ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाही तो योग्य वाटायला लावणाऱ्या कल्पनांची गुंफण म्हणजे विचारप्रणाली. ‘हे पूर्वापार असेच चालत आले आहे’ हे तिचे सर्वांत परिचित वाक्य होय.

जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे १९२३ मध्ये स्थापन झालेल्या समाजसंशोधन संस्थेने या विषयाचा विशेष अभ्यास केला. तिचे संचालक माक्स होर्कहायमर यांनी १९३७ च्या निबंधात पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धान्त असा भेद केला. पारंपरिक सिद्धान्त समाज जसा आहे तसा मांडतो. चिकित्सक सिद्धान्त तो तसा का झाला, कोणाच्या हिताचा आहे आणि बदलता येईल का, असे विचारतो. विचारणारा स्वतः कोठे उभा आहे हेही तपासतो. नाझी राजवटीमुळे परागंदा झालेल्या या संस्थेला १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आश्रय दिला. त्याच विद्यापीठात मे १९१६ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांनी जातिसंस्थेवरील निबंध वाचला होता. जात ईश्वराने वा एकट्या मनूने निर्माण केलेली नाही. जातीबाहेर विवाह न करण्याच्या बंधनातून ती घडली आणि अनुकरणाने पसरली, असे त्यांनी त्यात दाखवले.

महाराष्ट्रात ही चिकित्सा त्याआधीच सुरू झाली होती. जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ (१८५५) या नाटकात जोशी गरीब कुणबी दाम्पत्याला ग्रहपीडेचे भय घालतो आणि ते आपण होऊन खर्चात पडतात. तेथे कोणी लाठी उगारत नाही. काम भयच करते. अखेर ते दाम्पत्य शिक्षणाकडे वळते. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली आणि सत्यशोधक समाज स्थापन झाला. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त दाखवून दिले की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. विषमता श्रेणीबद्ध असल्याने प्रत्येकाला आपल्याखाली कोणीतरी सापडतो, म्हणून सर्वांनी एकत्र येऊन तिला विरोध करणे अवघड होते, हे त्यांचे विश्लेषण आजही लागू पडते.

या परंपरेचे मूळ तथागतांच्या संवादांत आहे. आश्वलायन नावाच्या तरुण ब्राह्मणाला ते विचारतात, यवन आणि कंबोज देशांत दोनच वर्ण आहेत, स्वामी आणि दास. स्वामीचा दास होतो, दासाचा स्वामी होतो, हे तू ऐकले आहेस ना? जे एका देशात आहे आणि दुसऱ्यात नाही, ते सृष्टीचा नियम कसे ठरेल? कालामांनाही त्यांनी परंपरा, ग्रंथ वा गुरूचा मान एवढ्यावरच काही स्वीकारू नये, असे सांगितले.

आपल्या अकोले तालुक्यातील उदाहरण घ्या. देवगावचे राघोजी भांगरे सावकारी पिळवणूक आणि कंपनी सरकार यांविरुद्ध लढले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. सरकारच्या लेखी ते दरोडेखोर होते. आज आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो. कर्जाच्या कागदावर आदिवासींची जमीन जाणे ‘व्यवहार’ आणि तिच्यासाठी उठणे ‘गुन्हा’, अशी नावे कोणी ठरवली, हा प्रश्न विचारणे म्हणजेच विचारप्रणालीची चिकित्सा.

आज हीच भूमिका ‘गुणवत्ता’ हा शब्द बजावू लागला आहे. एका मुलाला स्वतंत्र खोली, शिकवणी आणि शिकलेले आईबाप मिळतात. दुसऱ्याला घरातली पहिली पाटी हाती धरावी लागते. दोघांचे गुण एका तक्त्यात लिहिले की पायथ्यातील अंतर दिसेनासे होते. अपयशी मूल स्वतःलाच मठ्ठ समजू लागते, ही यातील सर्वांत मोठी हानी आहे. परिश्रमांचे मोल येथे नाकारावयाचे नाही. परंतु निवासी शाळा का लागते, शिष्यवृत्ती आणि आरक्षण का लागतात, याचे उत्तर या अंतरातच आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांवर विशेष जबाबदारी येते. ‘मी कष्टाने वर आलो, इतरांना काय झाले?’ हे वाक्य आपल्या तोंडी येते, तेव्हा आपणही त्याच विचारप्रणालीचे वाहक होतो. पोटजात पाहून सोयरीक ठरवणे, मुलीचे शिक्षण आधी थांबवणे, याही ‘असेच असते’ म्हणून चालू राहिलेल्या गोष्टी आहेत. चिकित्सेची कसोटी स्वतःच्या घरीच लागते. पालकांनी मुलांच्या ‘का?’ या प्रश्नाला उद्धटपणा न समजता उत्तर द्यावे आणि उत्तर ठाऊक नसेल तर ते त्यांच्यासोबत शोधावे.