पानावर आहे तेवढंच

टी. नगर, चेन्नई १७

चि. बाळ,

परवा फोनवर तू रडत होतीस, म्हणून मी जास्त बोललो नाही. मागून वहिनी काहीतरी सांगत होत्या, इकडे भट्टी पेटलेली होती आणि मूस चढवलेली होती. फोनवर समजूत काढता येते, शिकवता येत नाही. आज रात्री दुकान आवरून वर आलो आणि कागद घेऊन बसलो.

तुझे मार्क मी मागच्या पाकिटावर लिहून ठेवले होते. लिसनिंग ६, रीडिंग साडेसहा, स्पीकिंग ७, रायटिंग साडेसहा. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयईएलटीएसमध्ये रायटिंगला साडेसहा चालतात, बाकी तिन्हींत ७ लागतात. म्हणजे बोलणं आणि लिहिणं, ज्याला आपल्या खानापूर तालुक्यातली पोरं घाबरून मरतात, त्यात तू सुटलीस. अडलीस कुठे, तर ऐकण्यात आणि वाचण्यात, ज्याचा कुणी वेगळा अभ्यासच करत नाही. दोन्ही पेपरांत ४०-४० प्रश्न असतात. साधारण २३ बरोबर आले की ६ आणि ३० बरोबर आले की ७. हिशोब केलास तर ऐकण्यात पाच ते सात आणि वाचण्यात एक ते तीन उत्तरांनी तुझी गाडी चुकली आहे. एवढ्यासाठी ‘मला इंग्रजी येतच नाही’ म्हणणं हा चुकीचा हिशोब आहे.

आता तू म्हणशील, बारावी शिकून सोनं गाळायला गेलेल्या काकाला यातलं काय कळतं? खरं आहे, माझं इंग्रजी बेताचंच. पण तुझ्या ताईनं हीच परीक्षा दिली तेव्हा रोज रात्री उत्तरांची पुस्तिका हातात धरून तिचे पेपर तपासायला मीच बसायचो. चार महिने तपासले. कुठल्या चुका कुठून येतात हे इंग्रजी येणाऱ्याला दिसलं नसतं इतकं मला स्वच्छ दिसलं, कारण मला फक्त चूकच दिसत होती. शिवाय ऐकून भाषा शिकण्याचा अनुभव आपल्या घरात माझ्याइतका कुणाला नाही.

मी १९९४ साली इथे आलो तेव्हा गावाला मद्रासच म्हणत. आपल्या विट्याचा माणूस गलाईसाठी, म्हणजे सोनं गाळायला, सगळ्या देशात पसरलेला, तसा मीही एका पाहुण्याच्या भट्टीवर चिकटलो. उस्मान रोडच्या मागच्या गल्लीत, जिन्याखाली. तमिळ शून्य. दोन महिन्यांनी मालकानं मला एका सराफाकडे पाठवलं. काउंटरवरच्या माणसानं पुडी हातात दिली आणि भराभर काहीतरी सांगितलं. सुरुवातीलाच एक शब्द असा आला की जो मी कधी ऐकला नव्हता. मी त्या शब्दाला धरून बसलो. हा म्हणजे काय असेल, दागिन्याचं नाव असेल की माणसाचं? तोवर तो पुढे वजन सांगून मोकळा झाला होता. तमिळमध्ये साठ म्हणजे अरुबदु आणि सत्तर म्हणजे एळुबदु. मी अर्धवट कानानं ‘बदु’ ऐकलं आणि आलो. साठ ग्रॅमची पट्टी हवी होती, मी सत्तरची ओतली. पुन्हा गाळावी लागली, त्यात जी घट आली ती माझ्या पगारातून गेली. तो अडलेला शब्द पुढे कळला. ‘जरा सांभाळून’ एवढाच त्याचा अर्थ होता.

ताई पहिल्या महिन्यात हेच करायची. लिसनिंगची ध्वनिफीत परीक्षेत एकदाच वाजते. एक शब्द हुकला की ती त्याच्या मागे जायची, आणि परत येईपर्यंत पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरं निघून गेलेली असायची. एक चूक करून तीन मार्क घालवायचे. तुझे पाच-सात मार्क असेच गेले असणार, मी पैजेवर सांगतो. तेव्हा पहिली शिस्त ही: हुकलं ते हुकलं. पेन्सिल पुढच्या ओळीवर टेकव. उत्तरं प्रश्नांच्याच क्रमानं येतात, त्यामुळे पुढच्या ओळीवर तू उभी असशील तर पुन्हा गाठ पडतेच.

दुसरं म्हणजे प्रत्येक भागाआधी प्रश्न वाचायला थोडा वेळ देतात. तो वेळ पाणी प्यायला नाही. रिकामी जागा बघ आणि ठरव, इथे काय येणार? आकडा, वार, नाव की वस्तू? मी आता काउंटरवर उभा राहिलो की समोरचा तोंड उघडण्याआधी मला ठाऊक असतं, हा वजन सांगणार, मग टंच म्हणजे सोन्याचा कस, मग वेळ. म्हणून रंगनाथन स्ट्रीटच्या गलक्यातही माझं वजन आता चुकत नाही. चार भागांतला पहिला तर अगदी दुकानी असतो: दोन माणसं, एक नाव, एक फोन नंबर, एक पत्ता. इथे एकही मार्क जाता कामा नये. आणि नेमके इथेच जातात. फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी. नावाचं स्पेलिंग सांगताना ए आणि ई, ई आणि आय, जी आणि जे. फोन नंबरात ‘डबल फाइव्ह’ आलं की हात थांबतो. शिवाय ते लोक मुद्दाम फसवतात: ‘ट्यूजडे’ म्हणून लगेच ‘नो, सॉरी, थर्सडे’ म्हणतात. तू ट्यूजडे लिहून मोकळी झालेली असतेस. रोज दहा मिनिटं भावाला समोर बसवून आकडे आणि स्पेलिंगं घे. तो चिडेल, पण त्याचंही भलं होईल.

सराव कसा करायचा याबद्दल तू म्हणालीस की क्लासमधल्या मुली इंग्रजी सिनेमे बघतात, खाली अक्षरं लावून. अक्षरं खाली आली की डोळे वाचतात आणि कान झोपतात. दोन तास सिनेमा पाहण्यापेक्षा एक मिनिट नीट ऐक. हे मी उगाच म्हणत नाही. मी तमिळ आकडे शिकलो ते मांबलम स्टेशनच्या फलाटावर. घोषणा आधी तमिळमध्ये व्हायची, मग इंग्रजीत. मी तमिळ ऐकून गाडीचा नंबर मनात धरायचो आणि मग इंग्रजीवरून ताडून बघायचो, बरोबर की चूक. ऐकायचं, लिहायचं, ताडायचं. तेच तू कर. बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो, सोबत छापील मजकूरही असतो. पहिल्यांदा न थांबवता पूर्ण ऐक. मग त्यातलं एक मिनिट निवडून, थांबवत थांबवत, शब्द न् शब्द लिही. मग छापील मजकुराशी ताड. जिथे तुझं चुकलं तिथे लाल खूण कर आणि तेवढंच वाक्य बोलून बघ. आठवड्यात तुला दिसेल की न येणारे शब्द फार थोडे असतात. येणारेच शब्द ओळखू येत नाहीत. आपण मराठीत प्रत्येक अक्षराला त्याचा हिस्सा देतो, इंग्रजी माणूस निम्मी अक्षरं गिळतो. ‘कम्फर्टेबल’ तो ‘कम्फ्टबल’ म्हणतो, ‘व्हेजिटेबल’चं ‘व्हेज्टबल’ करतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही, लाल खुणांवरून कळतं.

ऑस्ट्रेलियन माणूस बोलला की काहीच समजत नाही, ही तुझी तक्रार मला पटते. इथे आमच्याकडे तंजावरकडची मराठी कुटुंबं येतात. व्यंकोजीराजांच्या काळापासून इकडे राहिलेली माणसं, घरात अजून मराठी बोलतात. पहिल्यांदा एक आजी माझ्याशी मराठी बोलल्या आणि मला एक वाक्य कळलं नाही, मी तमिळमध्ये उत्तर दिलं! शब्द आपलेच होते, चाल तमिळ होती. चौथ्या-पाचव्या वेळी सगळं कळायला लागलं. तेव्हा ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचा, कॅनडाचा, अमेरिकन, सगळ्यांचे आवाज आत्ताच कानावर घाल. परीक्षेत कुणाशीही पहिली भेट नको.

आता वाचण्याकडे येतो, आणि इथे माझा तुझ्यावर थोडा राग आहे.

तू सांगितलंस की सरावाच्या पेपरात झोपेवरच्या उताऱ्यात तुझी चार उत्तरं चुकली, आणि वर म्हणालीस, ‘काका, तो विषय तर मला सगळ्यात चांगला येत होता.’ अगं, म्हणूनच चुकली! तू उताऱ्यातून उत्तर दिलं नाहीस, नर्सिंगच्या पुस्तकातून दिलंस. ‘ट्रू’, ‘फॉल्स’ आणि ‘नॉट गिव्हन’ या तिघांत तुझ्यासारखी हुशार मुलं बुडतात, कारण त्यांना बाहेरचं फार माहीत असतं. उदाहरण देतो. समज, उताऱ्यात लिहिलंय: ‘या रस्त्यावरचे बहुतेक सराफ आपलं सोनं जिन्याखालच्या भट्टीत पाठवतात.’ पहिलं विधान: ‘रस्त्यावरचा प्रत्येक सराफ सोनं त्या भट्टीत पाठवतो.’ हे फॉल्स, कारण बहुतेक म्हणजे प्रत्येक नव्हे. दुसरं विधान: ‘त्या भट्टीतली मजुरी सगळ्यांत कमी आहे.’ तू काकाला ओळखतेस, तुला माहीत आहे की हे खरं आहे. तरी उत्तर नॉट गिव्हन. उताऱ्यानं मजुरीचा म सुद्धा काढलेला नाही.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक पुडी देताना सांगतं, ‘आजीचं सोनं आहे, एकदम चोख.’ आम्ही मान डोलावतो आणि टंच काढतो. जो आकडा येतो तो चिठ्ठीवर लिहितो. आजी किती भली होती हे चिठ्ठीवर येत नाही. तू उतारा वाचताना तुझी आजी चिठ्ठीवर लिहितेस. आणि ऐकतानाही तेच करतेस, हे माझ्या आज लिहिता लिहिता लक्षात आलं: ट्यूजडे ऐकल्याबरोबर पुढचं वाक्य तूच मनात पुरं करतेस, आणि त्या माणसाला बोलू देत नाहीस.

रोजचा अभ्यास म्हणशील तर ‘द हिंदू’ घे. स्पर्धा परीक्षेवाली पोरं घेतात म्हणून नव्हे. १८७८ साली याच गावात निघालेला पेपर आहे आणि मी सकाळी चहाबरोबर चाळतो, तेव्हा आपल्याला बोलायला विषय होईल. पण ती पोरं करतात तसं प्रत्येक अवघड शब्दाखाली रेघ मारून वहीत अर्थ उतरवू नकोस. एक लेख घे. प्रत्येक परिच्छेदाशेजारी मराठीत चार-पाच शब्दांत लिही की हा परिच्छेद इथे काय काम करतोय. तक्रार मांडतोय? उदाहरण देतोय? आधीचं खोडतोय? शीर्षकं जुळवायच्या प्रश्नाला हीच सवय कामी येते. मग त्याच लेखावर तूच तीन विधानं तयार कर: एक ट्रू, एक फॉल्स, एक नॉट गिव्हन. नॉट गिव्हन तयार करायला सगळ्यात जास्त वेळ लागेल.

वेळेचं थोडक्यात. ६० मिनिटांत तीन उतारे, आणि उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नाही. पहिला उतारा बहुधा सोपा असतो, तो १५-१७ मिनिटांत हातावेगळा कर. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही जागा रिकामी सोडायची नाही. लिसनिंग कॉम्प्युटरवर दिलंस तर उत्तरं तपासायला शेवटी फक्त दोन मिनिटं मिळतात. त्या वेळात स्पेलिंग बघ. ‘ॲकॉमोडेशन’मध्ये दोन सी आणि दोन एम. शेवटचा एस राहिला तरी मार्क जातो. ‘दोन शब्दांत लिहा’ म्हटलं असताना तीन लिहिले तर बरोबर उत्तरही चूक धरतात. ताईचे एका पेपरात चार मार्क नुसते या अशा गोष्टींत गेले होते, आणि त्या दिवशी ती तुझ्यासारखीच रडली होती.

एक भीती बोलून दाखवतो. आमच्या घरापासून जवळच दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा आहे, १९१८ साली गांधीजींनी सुरू केलेली. तिथल्या परीक्षांच्या दिवशी रस्ता मुलांनी आणि आयांनी भरून जातो. शेजारचा एक मुलगा त्यातल्या बऱ्याच परीक्षा पास झालेला. एकदा भट्टीवर बसला असताना मारवाडी व्यापारी हिंदीत बोलला, तर हा गप्प. वाचायला दिलं असतं तर घडाघडा वाचलं असतं. त्याचा कान कुणी तयारच केला नव्हता. मग सुट्टीत महिनाभर मी त्याला काउंटरवर बसवला, आता तो भाव सुद्धा करतो. तू नुसते जुने पेपर सोडवत बसशील अशी मला भीती आहे. आठवड्यातून एक पूर्ण पेपर पुरे, घड्याळ लावून, मध्ये न उठता. बाकीचे दिवस ते एक मिनिट आणि तो एक लेख.

सांगलीच्या त्या क्लासवाल्यानं पुन्हा पैसे मागितले तर भरू नकोस, आधी मला विचार. परीक्षेच्या फीची काळजी दादांना करू देऊ नकोस, ती मी पाठवतो. पुढची तारीख घाईनं घेऊ नकोस. सलग तीन पेपरांत दोन्हीकडे ३२च्या वर आलीस की घे.

ताईच्या जुन्या पेपरांची पुस्तकं परवा पार्सलनं टाकतो. त्यातली उत्तरांची पानं मी फाडून माझ्याकडे ठेवली आहेत. दर रविवारी तू उत्तरं फोटो काढून पाठव, तपासायचं काम माझं.

वहिनींना आणि दादांना नमस्कार.

तुझा,
काका