हाडाच्या ग्राफ्टला प्लेटलेट कशासाठी?

प्लेटलेट म्हटले की वस्तीत सगळ्यांना डेंग्यू आठवतो. विहारात आम्ही रक्तदाब तपासायला बसलो होतो, तेव्हा एक मावशी खर्चाचा कागद घेऊन आल्या. मुलाच्या नडगीचे हाड आठ महिने जुळले नव्हते. डॉक्टरांनी बोन ग्राफ्ट सांगितले होते आणि खाली 'पीआरपी'चे पैसे वेगळे लावले होते. "ताई, पोराला डेंग्यू नाही, मग प्लेटलेट कशाला? रक्त कोण देणार?"

रक्त दुसऱ्या कुणी द्यायचे नसते. ग्राफ्ट म्हणजे हाडाचा तुकडा, बहुधा रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढलेला, न जुळलेल्या जागी भरणे. पीआरपीसाठी रुग्णाचेच थोडे रक्त काढून यंत्रात गरगर फिरवतात. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, प्लेटलेटचा भाग वेगळा काढून ग्राफ्टमध्ये मिसळतात. एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, यात त्या कित्येक पटींनी जास्त. प्लेटलेट रक्त तर थांबवतातच, शिवाय त्यांच्यात वाढीला चालना देणारे घटक असतात. ते पेशींना बोलावतात, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. दातांचे डॉक्टर 'पीआरएफ' वापरतात, त्यात रक्त न गोठण्याचे औषध घालत नाहीत, म्हणून जेलीसारखी गाठ मिळते.

1998 साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या ग्राफ्टमध्ये पीआरपी वापरले, तेव्हा हाड लवकर भरलेले दिसले. पुढच्या सगळ्या अभ्यासांत मात्र तसे दिसले नाही. हातापायाच्या हाडांबाबत पुरावा अजून कच्चाच आहे. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो, पीआरपी ही जोडीची मदत आहे. त्यासाठी भिशी मोडू नका, दागिना गहाण ठेवू नका. आधी डॉक्टरांना विचारा, हे न करता ऑपरेशन होईल का? महात्मा फुले योजनेत काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पूर्वी कॅन्सर झाला असेल, तर तेही सांगा.

आणि फुकटातली गोष्ट कुणी कागदावर लिहीत नाही. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, हाडाला रक्त कमी पडते. गुटखा, मिश्री, बिडी, सगळे त्यात आले. साखर वाढलेली असेल तरी हाड रेंगाळते.

मावशींनी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, नुसत्या ग्राफ्टनेही करू. ऑपरेशन झाले. पोराच्या खिशातली पुडी मावशींनी स्वतः काढून घेतली. पुढचा एक्स-रे पौर्णिमेनंतर आहे.