बोर्ड गेला असं म्हणण्याआधी : अस्थिर पीसीचा शोध मुलांसोबत कसा घ्यावा



हायस्कूलमधली काही मुलं हल्ली तयार कॉम्प्युटर घेत नाहीत. सुटे भाग मागवतात आणि व्हिडिओ बघून घरीच गेमिंग पीसी जोडतात. आपल्याला त्यात फक्त गेम दिसतो. पीसी सुरळीत चालतो तोवर त्यात शिकण्यासारखं फारसं नसतंही. पण तो मध्येच हँग व्हायला लागला, खेळता खेळता रिस्टार्ट व्हायला लागला, निळा स्क्रीन दाखवायला लागला, की विज्ञानाचा खरा पाठ सुरू होतो. आणि नेमका तेव्हाच आपण तो मुलाच्या हातून काढून घेतो. दुकानात नेतो, "बोर्ड गेलाय" एवढं ऐकतो, काही हजार मोजतो. कधी त्याने काम होतं, तर कधी आठवड्याने पुन्हा तेच.

माझं सांगणं एवढंच आहे, की अस्थिर पीसीत मदरबोर्डवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

का ते बघा. मदरबोर्ड म्हणजे तालुक्याचा एसटी स्टँड. सगळ्या गाड्या तिथूनच जातात. गाडी आली नाही की प्रवासी स्टँडवरच्या कंट्रोलरवर ओरडतात, बिघाड मात्र घाटात थांबलेल्या गाडीत असतो. तसंच इथे. वीज एसएमपीएसकडून येते, रॅमशी बोलण्याचं काम प्रोसेसरमधला भाग करतो, चित्र ग्राफिक्स कार्ड काढतं. पण सगळ्यांची ये-जा बोर्डावरून. त्यामुळे कुणीही चुकलं तरी नाव बोर्डाचं होतं. शिवाय बोर्ड बदलताना सगळे भाग काढून परत बसवावे लागतात. त्या खटाटोपात सैल बसलेली रॅम किंवा अर्धवट लागलेली वायर आपोआप नीट बसते आणि "बोर्डच खराब होता" हा समज पक्का होतो!

आधी वही

पहिलं साधन स्क्रू ड्रायव्हर नाही, शंभर पानी वही. तिच्यात चार रकाने आखायला सांगा : तारीख आणि वेळ, त्या वेळी काय चालू होतं, नेमकं काय झालं, त्याआधी शेवटचा बदल कोणता केला. "नेमकं काय झालं" इथे मुलांना थांबवावं लागतं. ती "बंद पडला" एवढंच लिहितात. चित्र गोठलं पण आवाज चालू राहिला? दिवा विझावा तसा सगळा पीसी एका क्षणात बंद झाला? निळा स्क्रीन आला, तर त्यावरची अक्षरं कोणती होती? या तीन गोष्टी तीन वेगळ्या दिशांना नेतात. गेम जोरात चालू असताना क्षणात सगळं बंद होत असेल तर आधी एसएमपीएस आणि उष्णता बघायची. पीसी नुसता उघडा पडलेला असताना हँग होत असेल तर रॅम आणि सेटिंग.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर असतो, त्यातही नोंदी सापडतात. पण तिथे 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं म्हणून घाबरू नका. पीसी नीट शटडाउन न होता बंद झाला, एवढाच त्याचा अर्थ; कारण त्यात सांगितलेलं नसतं. हजेरीत 'गैरहजर' लिहिलं म्हणजे मूल का आलं नाही हे कळत नाही, तसंच. 'व्हिया-लॉगर' नावाची नोंद मात्र जरा गंभीरपणे घ्यावी. ती हार्डवेअरकडून आलेली तक्रार असते, आणि बहुतेक वेळा त्यात प्रोसेसर, मेमरी की कार्डाचा मार्ग याचा इशारा मिळतो.

आता नियम. एका वेळी एकच बदल. सहावी-सातवीत आपण शिकवतो, की रोपाला पाणी किती लागतं हे बघायचं असेल तर ऊन आणि माती सारखीच ठेवा. तोच नियम. रॅम बदलली, बायोस अपडेट केला आणि पंखाही साफ केला, पीसी सुधारला, तर आपण शिकलो काय? काहीच नाही.

किती दिवस थांबायचं? ल्युडो काढा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि वर्गात घेण्यासारखाही आहे. पीसी साधारण दोन दिवसांतून एकदा बंद पडतो. मुलाने रॅम काढून परत बसवली, दोन दिवस काही झालं नाही. "सर, झालं नीट!" झालं का खरंच?

मुलांना फासा द्या. सहा पडला म्हणजे पीसी बंद पडला असं धरा. सरासरी सहा वेळा टाकल्यावर एकदा सहा पडावा. प्रत्येकाला सहा वेळा टाकायला लावा आणि ज्यांना एकदाही सहा पडला नाही त्यांचे हात वर करायला सांगा. तीस मुलांच्या वर्गात दहाच्या आसपास हात वर येतात. फासा दुरुस्त कुणीच केलेला नाही! गणिताने बघितलं तर ही शक्यता शंभरात ३३ च्या वर आहे. आता प्रत्येकाला अठरा वेळा टाकू द्या, म्हणजे तिप्पट. एकदाही सहा न पडलेली एक-दोन मुलंच राहतील. इथे शक्यता शंभरात ४ च्या आत येते.

म्हणून साधा हिशोब असा : बिघाड ज्या अंतराने येत होता त्याच्या निदान तिप्पट काळ काही झालं नाही, तरच वहीत 'फरक पडला' असं लिहायचं. दोन दिवसांनी येणाऱ्या बिघाडाला सहा दिवस. मुलांना हा धीर धरवत नाही. दुकानदाराला तर वेळच नसतो, त्याच्याकडे ओळीने दहा मशिन्स असतात. तो दोन तास चालवून बघतो आणि परत देतो. त्यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण घरी आपल्याकडे सहा दिवस असतात.

शोधाचा क्रम

सुरुवात भिंतीपासून करा. कॅबिनेटला उघडा हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं का? तसं होत असेल तर घरच्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा ते तुटलेलं आहे. एसएमपीएसच्या आत वीज गाळणारे भाग असतात, ते थोडा प्रवाह पत्र्याकडे सोडतात आणि अर्थिंगने तो जमिनीत जायला हवा. हे काम इलेक्ट्रिशियनचं. मुलाने सॉकेट उघडायचं नाही आणि एसएमपीएस तर कुणीच उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठलेली राहते. पालकांनी ही एक गोष्ट ठामपणे सांगावी, बाकी ठिकाणी मोकळीक द्यावी.

त्यानंतर सेटिंग. बायोसमध्ये जाऊन सगळं मूळ स्थितीला आणायचं. इथे 'एक्सएमपी' किंवा 'एक्सपो' नावाचा एक पर्याय असतो. रॅमच्या पाकिटावर ३६०० लिहिलेलं असतं, पण तो वेग हा पर्याय चालू केल्यावर मिळतो. मूळ स्थितीत तीच रॅम त्याहून कमी वेगाने चालते. पाकिटावरचा वेग प्रत्येक प्रोसेसरला आणि बोर्डाला झेपेलच असं नसतं. हा पर्याय बंद केल्यावर त्रास थांबला तर बोर्ड खराब आहे असं म्हणता येत नाही. आपण त्याला जास्त पळवत होतो.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचं असंच झालं. अकरावीत आहे, वडील टेम्पो चालवतात, दीड वर्ष पैसे साठवून पीसी जोडलेला. दुकानातून "बोर्ड बदला" सांगितलेलं, आणि वडिलांनी बोर्ड घेण्याऐवजी पीसीच विकायचं ठरवलेलं. मी त्याला वही घालायला लावली. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या फक्त दोन गेम चालू असतानाच्या, बाकीच्या सगळ्या साधं ब्राउझर उघडं असतानाच्या. मग त्याने मागे जाऊन तारखा आठवल्या, तर त्रास सुरू झाला होता रॅमची दुसरी पट्टी टाकल्यानंतर. कंपनी तीच, मॉडेल तेच, पण खरेदी वर्षभराच्या अंतराने. नाव सारखं असलं तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, म्हणून तर दुकानात जोडीचं पाकीट वेगळं मिळतं. एक्सएमपी बंद करून दोन्ही पट्ट्या मूळ वेगाने चालवल्या. त्रास थांबला. खर्च शून्य. वडिलांनी वही मागून घेतली आणि पूर्ण वाचली, हे मला त्याने नंतर सांगितलं.

रॅमची तपासणी घरी करता येते. 'मेमटेस्ट८६' नावाचं साधन पेनड्राइव्हवर घेऊन पीसी त्यावरून चालू करायचा आणि रात्रभर चालू द्यायचं. एकही चूक दिसली तर ती चूकच. 'दोनच आल्या' असं इथे चालत नाही. चूक आली की एकेक पट्टी, एकाच खाचेत ठेवून तपासायची. दोन पट्ट्या असतील आणि बोर्डाला चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. बोर्डाच्या पुस्तिकेत तसं चित्र असतं. कोकणातल्या दमट हवेत पट्टीच्या सोनेरी दातांवर थर बसतो, मग आपले मेकॅनिक ते खोडरबराने पुसतात. हलक्या हाताने पुसलं तर चालतं, कण मात्र झटकून टाका.

उष्णतेबद्दल विदर्भातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असेल तर कॅबिनेटमधला पंखा तीच हवा आत ओढणार. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या घरात गेला की स्वतःचा वेग कमी करतो, त्यापुढे पीसी बंदही होतो. धूळ साफ करा, कॅबिनेट भिंतीपासून लांब घ्या.

एसएमपीएसची १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ या दरम्यान हवी, म्हणजे पाच टक्के इकडे-तिकडे. बायोसमध्ये हा आकडा दिसतो, पण तो अंदाजे धरा. ग्राफिक्स कार्डाला दोन जोडण्या असतील तर एकाच वायरीचे दोन फाटे लावण्यापेक्षा दोन स्वतंत्र वायरी लावाव्यात. आणि घड्याळ रोज मागे जात असेल तर बोर्डावरचा बटणासारखा सीआर२०३२ सेल बदला. तीन व्होल्टचा सेल, किरकोळ पैशात मिळतो.

एवढं करूनही त्रास असेल, तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा आणि प्रोसेसर, कूलर, एक रॅम एवढ्यावरच चालवायचा. बाहेर नीट चालला आणि आत गेला की बिघडला, तर पत्र्यावरचे पितळी स्टँडऑफ मोजा. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा राहिला असेल तर तो मागून बोर्डाला टेकतो.

प्रोसेसर कधी चुकत नाही?

मीही असंच ऐकत आलो होतो, की प्रोसेसर सहसा खराब होत नाही. २०२४ साली या समजाला धक्का बसला. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम मध्येच बंद पडत. काही गेममध्ये 'व्हिडिओ मेमरी अपुरी' असा संदेश यायचा, त्यामुळे लोकांनी चांगली ग्राफिक्स कार्डं बदलली. मग बोट मदरबोर्डाकडे गेलं, कारण अनेक बोर्डांची मूळ सेटिंगच प्रोसेसरला मर्यादेबाहेर वीज देणारी होती. तीही एक बाजू खरी होती. पण त्या वर्षी जुलैमध्ये इंटेलने मान्य केलं, की प्रोसेसरमधली सूचनावलीच चुकीचा, जास्त व्होल्टेज मागत होती. ऑगस्टपासून बायोस अपडेटमधून दुरुस्ती आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली गेली. जे प्रोसेसर आधीच झिजले होते ते मात्र अपडेटने बरे झाले नाहीत.

तुमच्या घरी या पिढ्यांचा प्रोसेसर असेल तर बायोसची तारीख आजच बघा. अपडेट करताना पीसी मूळ सेटिंगवर आणि यूपीएसवर हवा. अर्ध्यात लाईट गेली तर मात्र बोर्ड खरोखरच जाईल.

मग बोर्ड खराब कधी म्हणायचा

मित्राच्या पीसीतली चांगली रॅम, चांगला एसएमपीएस, चालू प्रोसेसर एकेक करून लावून बघितले, दोन्ही घरच्या पालकांना विचारून, आणि तरीही बिघाड बोर्डाबरोबरच राहिला, तर तो बोर्डाचा. कपॅसिटरच्या टोप्या फुगलेल्या दिसल्या तरी बोर्डाचाच. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांत हा प्रकार फार होता, आताच्या बोर्डांत कमी दिसतो. एकाच खाचेत कुठलीही रॅम चालत नसेल तर घाई करू नका. सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली असली किंवा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला असला तरी असंच होतं.

वॉरंटीसाठी बोर्ड परत पाठवताना बिल, सीरियल नंबरचा फोटो आणि वहीची पानं जोडा. आणि सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण परत बसवूनच पाठवा. पीसी जोडताना मुलं ते फेकून देतात, आणि वाटेत पिना वाकल्या तर कंपनी वॉरंटी नाकारते. आज घरात नवा बोर्ड आला असेल तर ते झाकण मूळ खोक्यात टाकून ठेवायला मुलाला आत्ताच सांगा.