हिमयुगातील आश्रयस्थाने

युरोपातला हेजहॉग म्हणजे आपले साळिंदर, अशी माझी समजूत होती. पण काटे सोडले तर दोघांत जवळचे नाते नाही. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी उत्तर युरोप बर्फाखाली होता, तेव्हा हा चिमुकला प्राणी स्पेन, इटली व बाल्कन येथे तगला. बर्फ हटल्यावर तेथूनच तो उत्तरेस पसरला. स्पेनकडचा वंश ब्रिटनमध्ये, इटलीकडचा जर्मनीत, बाल्कनचा पूर्वेस. गॉडफ्रे ह्यूइट व सहकाऱ्यांनी 1998 साली डीएनएवरून हे दाखवले.

अशा स्थलांतरात आघाडीला मोजकेच जीव असतात. दुष्काळात गाव सोडणारा मूठभर बियाणे नेतो. पुढचे सारे पीक त्या मुठीचे! म्हणूनच अनेक जातींत उत्तरेकडे आनुवंशिक विविधता कमी, दक्षिणेकडे अधिक आढळते. आणि आज तापत व कोरडा होत चालला आहे तो नेमका हाच दक्षिण युरोप.