फूटपाथ आहे, पण जायचं कुठे?

प्रश्न : मुलाच्या नोकरीमुळे आम्ही कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहतो. फूटपाथ ऐसपैस, तरी कोथिंबिरीच्या जुडीसाठी गाडी काढावी लागते. असं का?

उत्तर : काका, दोष फूटपाथचा नाही, कुंपणांचा. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या हिडको या सरकारी गृहनिर्माण-पायाभूत सुविधा महामंडळाने हे शहर आखलं ते रुंद रस्ते आणि मोठमोठ्या भूखंडांचं. बंदिस्त संकुलाला फाटक एकच. मागचा बाजार दिसतो, पण गाठायला भिंतीला वळसा! आपल्या पुण्याच्या सदाशिव पेठेत तळाला वाणी, वर बिऱ्हाडं, मधून बोळ. (तिथे चालायला फूटपाथ नसतो, ते वेगळं.)

सोसायटीच्या सभेत मागच्या भिंतीत दिंडी दरवाजा मागा. रखवालदाराचा पगार वाढेल, पण पेट्रोल वाचेल. भाजीवाल्यांच्या अधिकृत जागेसाठी मात्र एनकेडीए या न्यू टाउनच्या विकास प्राधिकरणाकडेच अर्ज करावा लागेल.