परक्या सूर्यांचे महाग्रह आणि त्यांचे चंद्र

कला शाखेच्या वार्षिकात ताऱ्यांचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. न पाहिलेल्या जगाची कल्पना करणे हे साहित्याचे काम आहे, तसेच ते शास्त्राचेही आहे. मात्र शास्त्राला प्रत्येक कल्पनेचा हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब कसा मांडतात, हे एका उदाहरणावरून दाखवावे एवढाच माझा हेतू आहे. उदाहरण असे : दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या महाग्रहांच्या चंद्रांवर जीवसृष्टी असू शकेल काय?

प्रथम महाग्रहांविषयी. आपल्या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा परका ग्रह १९९५ साली प्रथम सापडला. मिशेल मेयर आणि दिदिए केलो या दोन स्विस शास्त्रज्ञांनी फ्रान्समधील वेधशाळेतून ५१ पेगासी या ताऱ्याचे वेध घेतले. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा ताराही किंचित डोलतो आणि त्या डोलण्यामुळे ताऱ्याच्या प्रकाशातील रेषा अगदी थोड्या सरकतात. या सरकण्यावरून त्यांनी ग्रह ओळखला. ग्रह प्रत्यक्ष कोणीच पाहिला नव्हता. या कामाबद्दल दोघांना २०१९ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यानंतर शोधांची रीघ लागली आणि २०२५ च्या सप्टेंबरात ज्ञात परक्या ग्रहांच्या संख्येने ६,००० चा आकडा ओलांडला. त्यांत गुरूएवढे किंवा त्याहून मोठे ग्रह पुष्कळ आहेत.

अशा महाग्रहावर जीवसृष्टीची आशा धरणे कठीण आहे. तो मुख्यतः हायड्रोजन व हेलियम या वायूंचा गोळा असतो. पाय टेकायला जमीन नाही. खाली उतरावे तसतसे दाब आणि उष्णता वाढत जातात. परंतु अशा ग्रहाला चंद्र असतील आणि त्या चंद्रांना जमीन असेल. गुरूचे चार मोठे चंद्र गॅलिलिओने १६१० साली पाहिले. त्यांपैकी गॅनिमीड हा बुध ग्रहापेक्षाही आकाराने मोठा आहे. तेव्हा महाग्रहाऐवजी त्याच्या चंद्राकडे पाहावे, हा विचार ओघानेच येतो.

चंद्राला ऊब कोठून मिळेल? एक मार्ग अर्थातच ताऱ्याचा प्रकाश. दुसरा मार्ग आपल्याला गुरूच्या आयो या चंद्राने शिकविला. गॅनिमीडची एक फेरी होते तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार फेऱ्या होतात. या ठरावीक मेळामुळे आयोची कक्षा सदैव किंचित लांबट राहते. तो गुरूच्या कधी जवळ तर कधी दूर जातो आणि प्रत्येक फेरीत त्याचे अंग आवळले व सैल सोडले जाते. तार पुन्हा पुन्हा वाकविली की ती तापते, तसाच हा प्रकार. स्टँटन पील आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७९ च्या मार्चच्या आरंभी लिहिले की, या ताणामुळे आयोचे अंतरंग वितळलेले असावे. त्याच आठवड्यात व्हॉयेजर-१ हे यान गुरूजवळून गेले आणि त्याने पाठविलेल्या छायाचित्रात लिंडा मोराबितो यांना आयोवरील ज्वालामुखीचा फवारा दिसला. हिशेब आधी आणि पुरावा मागाहून, असे इतक्या लगोलग क्वचितच घडते.

याच उष्णतेने युरोपाच्या बर्फाखाली समुद्र राखला आहे, असे आज मानले जाते. शनीचा एन्सेलेडस हा चंद्र तर जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा. पण त्याच्या दक्षिण ध्रुवाकडून पाण्याची वाफ व हिमकण उसळत असल्याचे कॅसिनी यानाने २००५ साली दाखविले. म्हणजे ताऱ्यापासून दूर, गोठलेल्या प्रदेशातही पाणी द्रवरूप राहू शकते. पण बर्फाच्या जाड थराखाली लपलेल्या जीवांची चाहूल प्रकाशवर्षे अंतरावरून लागणे जवळजवळ अशक्य. ज्याची खूण आपल्याला कधीतरी सापडू शकेल असा चंद्र हवा असेल, तर त्याच्या पृष्ठभागावर पाणी आणि डोक्यावर हवा हवी.

आता दोन महाग्रह तपासून पाहू. पहिल्याचे नाव संतमस. २०१९ साली भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला पदार्थवैज्ञानिक बिभा चौधुरी यांच्यावरून ‘बिभा’ व त्याच्या ग्रहाला ‘संतमस’ हे नाव देण्यात आले. बिभाबाईंनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही काम केले होते. नाव आपले असले तरी चंद्राच्या दृष्टीने हा ग्रह निरुपयोगी आहे. तो ताऱ्याच्या इतका निकट आहे की त्याचे वर्ष दोन दिवसांहून थोडेच मोठे. एवढ्या जवळ ताऱ्याची ओढ मोठ्या चंद्राला फार काळ ग्रहाजवळ टिकू देणार नाही.

दुसऱ्या ग्रहाला अद्याप केवळ क्रमांक आहे : एच. डी. २८१८५ बी. तो २००१ साली चिलीतील ला सिला येथून घेतलेल्या वेधांमुळे सापडला. त्याचा तारा मृग नक्षत्राच्या पश्चिमेस, सुमारे १३० प्रकाशवर्षे दूर असून बराचसा आपल्या सूर्यासारखा आहे. ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या किमान ५.७ पट आहे. विशेष असे की, त्याची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असून ताऱ्यापासूनचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराएवढेच आहे. ऊब तेथे आपोआप मिळते.

पण चंद्र केवढा असेल? १९९७ साली विल्यम्स, कास्टिंग आणि वेड यांनी दाखविले की, दीर्घकाळ हवा धरून ठेवण्यासाठी चंद्राचे वस्तुमान पृथ्वीच्या निदान ०.१२ पट हवे. मंगळ याहून थोडा हलका आहे आणि त्याची हवा किती विरळ झाली ते आपण जाणतो. गॅनिमीड तर अवघा ०.०२५ पट. पुढे २००६ साली कॅनप आणि वॉर्ड यांनी सांगितले की, महाग्रहाभोवतीच्या तबकडीत जन्मलेल्या सर्व चंद्रांचे मिळून वस्तुमान ग्रहाच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढे असते. गुरू पृथ्वीच्या ३१८ पट जड आहे. त्याच्या ५.७ पट म्हणजे सुमारे १,८१० पृथ्वी आणि त्याचा दहा हजारावा भाग सुमारे ०.१८. यातला मोठा वाटा एकाच चंद्राला मिळाला, तर आपली अट जेमतेम पुरी होते! जेमतेम हा शब्द महत्त्वाचा. महाग्रहांच्या चंद्रांवर सर्रास हिरवी राने रंगविणाऱ्या चित्रकाराला येथे हात आवरावा लागेल.

असा चंद्र आहे असे क्षणभर धरून चालू. गॅनिमीड गुरूपासून आहे तेवढ्याच अंतरावर, सुमारे १०.७ लाख किलोमीटरांवर, तो ठेवला तर त्याची एक फेरी सुमारे तीन दिवसांत होईल. आपल्या चंद्राप्रमाणे त्याचीही एकच बाजू ग्रहाकडे राहील. म्हणून तेथील एक दिवस आपल्या तीन दिवसांएवढा. ग्रहाकडील बाजूस महाग्रह आकाशात एकाच जागी खिळलेला, आपल्या चंद्राच्या सुमारे पंधरा पट रुंद दिसेल. सूर्य मात्र उगवेल व मावळेल. ग्रह ऐन डोक्यावर आणि चंद्राची कक्षा फारशी कललेली नसेल, तर रोज भरमध्यान्ही दीड तास सूर्यग्रहण लागेल. मध्यरात्री महाग्रह पूर्ण प्रकाशलेला असल्याने अंधार म्हणून होणार नाही. उलट बाजूच्या रहिवाशांना मात्र प्रवास केल्याशिवाय महाग्रह आहे हेच कळणार नाही.

हे चित्र कितीही मोहक असले तरी वस्तुस्थिती विसरता येत नाही. परक्या ग्रहाभोवतीचा एकही चंद्र अद्याप निर्विवाद सिद्ध झालेला नाही. केप्लर दुर्बिणीने पाहिलेल्या केप्लर-१६२५ बी या ग्रहाभोवती मोठा चंद्र असावा, असे टीची आणि किपिंग यांनी २०१८ साली सुचविले. परंतु त्याच वेधांचा इतरांनी वेगळा अर्थ लावला. एच. डी. २८१८५ बी तर ताऱ्याच्या डोलण्यावरून सापडलेला. त्या डोलण्यात ग्रह व चंद्र यांचा भार एकत्रच मोजला जातो.

म्हणून माझ्या मते आज या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘असू शकेल’ एवढेच आहे. त्यापुढचे पाऊल आपल्याच अंगणात पडेल. २०२४ च्या ऑक्टोबरात निघालेले युरोपा क्लिपर यान २०३० साली गुरूपाशी पोचावे अशी योजना आहे. एका चंद्राचा गोठलेला समुद्र जीवसृष्टीला सोयीचा आहे की नाही, याचा अंदाज त्यावरून बांधता येईल. आणि मग परक्या सूर्यांच्या चंद्रांविषयीच्या आपल्या कल्पनेला आजच्याहून अधिक भक्कम आधार मिळेल.