मुलांच्या मनाचा कणखरपणा : जेऊर परिसरातील पालकसभांसाठी काही विवेचन

प्राथमिक शाळेत भरणाऱ्या पालकसभेत बहुधा तीनच प्रश्न विचारले जातात. मुलगा अभ्यास का करीत नाही, तो मोबाईल का सोडीत नाही आणि तो ऐकत का नाही. मूल आनंदी आहे काय, संकट आले तर ते उभे राहील काय, हा प्रश्न पालक सहसा विचारीत नाहीत. परंतु वरील तीनही प्रश्नांच्या मुळाशी तोच असतो. शिक्षकास त्याचे उत्तर देता यावे, आणि ते शहरातील पुस्तकी उपदेशासारखे न वाटता गावच्या व्यवहारास धरून असावे, यासाठी पुढील विवेचन केले आहे.

करमाळा तालुक्यातील जेऊर हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरील स्थानक. हा मार्ग १८६० साली सोलापूरपर्यंत पोहोचला. तेव्हापासून या गावाने माणसांची ये-जा पाहिली आहे. भोवतालचा मुलूख मूळचा कमी पावसाचा, रब्बी ज्वारीचा. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि फुगवट्याच्या पाण्याने तालुक्याच्या पश्चिम व दक्षिण अंगाचे चित्र पालटले. काही गावांची घरे-शेते पाण्याखाली गेली, तर उरलेल्या रानांत ऊस आणि केळी उभी राहिली. म्हणजे एकाच वर्गात बागायतदाराचा मुलगा, पुनर्वसित कुटुंबातील नात, कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी आणि ऊसतोडणीच्या टोळीबरोबर आलेले पोर शेजारी शेजारी बसतात. या चौघांच्या पालकांना एकच ठरीव उपदेश करणे व्यर्थ होय.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘मार खाल्ल्याशिवाय पोर घट्ट होत नाही’ असे म्हणणारा एक तरी पालक प्रत्येक सभेत असतो, आणि थोडा वाचलेला असेल तर तो साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चा दाखला देतो. पोहायला भिणाऱ्या श्यामला आईने मारून विहिरीवर पाठविले, ही गोष्ट सर्वांच्या स्मरणात असते. मात्र विहिरीवर त्या मुलाला सांभाळणारी पोहणारी माणसे होती, आणि तो परत आल्यावर त्याचे वळ पाहून आईच कळवळली, एवढा भाग लोक सोयीस्करपणे विसरतात. श्याम धीट झाला असेल तर तो आपली भीती ओलांडता आली म्हणून आणि ती ओलांडताना आपले माणूस पाठीशी होते म्हणून. नुसत्या माराने मूल धीट होत नाही. ते लबाडी शिकते, चूक लपविते, आणि आपल्याहून लहानावर हात उगारते. शाळेपुरता हा प्रश्न कायद्याने मिटविला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. घरात मात्र कायद्याआधी शिक्षकाचा शब्द पोहोचतो. म्हणून ज्याच्या स्वतःच्या हातात छडी आहे त्याने या विषयावर पालकांपुढे बोलण्यास उभे राहू नये.

मग कणखरपणा येतो कोठून? या प्रश्नाचा अत्यंत चिकाटीने झालेला एक अभ्यास शिक्षकांना ठाऊक असावा. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन संशोधक स्त्रियांनी ती मुले चाळिशीला येईपर्यंत घेतला. त्यांतील सुमारे तीस टक्के मुले दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे व्यसन वा मानसिक आजार अशा अनेक संकटांत एकाच वेळी वाढत होती. या सर्वांचे वाटोळे होणार असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात त्यांतील सुमारे एक तृतीयांश मुले कर्ती, आत्मविश्वासाची व दुसऱ्यांची काळजी वाहणारी माणसे झाली. त्यांच्यात समान काय होते याचा शोध घेतला तेव्हा श्रीमंती वा असामान्य बुद्धी आढळली नाही. आढळली ती साधीच गोष्ट : प्रत्येकाच्या आयुष्यात भरवशाचे असे निदान एक मोठे माणूस होते. कोणाला आजी, कोणाला थोरली बहीण, कोणाला शेजारीण, आणि कित्येकांना शाळेतील शिक्षक. शिवाय घरातील एखादी खरी जबाबदारी त्यांच्यावर असे आणि ती पार पाडल्याचे त्यांना समाधान असे. जी मुले तारुण्यात भरकटली होती त्यांतीलही पुष्कळशी पुढे तिशी-चाळिशीत सावरली, ही गोष्टही पालकांना आवर्जून सांगण्याजोगी आहे. कारण आपल्याकडे दहाव्या वर्षीच मुलाच्या नावावर ‘वाया गेला’ असा शिक्का मारण्याची घाई फार.

बेट हजारो कोस दूर असले तरी हा निष्कर्ष जेऊरच्या वर्गाला जसाच्या तसा लागू पडतो, आणि सर्वांत अधिक लागू पडतो तो ऊसतोडणी कामगारांच्या मुलांना. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, म्हणजे तोडणीच्या भाषेत एक एक ‘कोयता’, बिऱ्हाड गुंडाळून निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. या चार-पाच महिन्यांत मूल एक तर आई-बापांबरोबर पाचटाच्या कोपीत राहते, नाही तर गावी आजी-आजोबांजवळ. दोन्ही ठिकाणी त्याचे काहीतरी तुटते. ही परिस्थिती कोण्या एका पालकाने निर्माण केलेली नाही. तेव्हा सभेत या पालकांना दोष देणे अन्यायाचे आहे आणि निरुपयोगीही. पोटासाठी जाणाऱ्यास ‘जाऊ नका’ म्हणण्यापेक्षा ‘कसे जावे’ हे सांगावे.

जाण्याची पद्धत ही क्षुल्लक बाब नव्हे. मूल रडेल म्हणून पुष्कळ आई-बाप ते झोपेत असताना, पहाटे गाडी हाकून निघून जातात. मोठ्यांना यात दया वाटते. मुलाला मात्र जाग आल्यावर घर रिकामे दिसते, आणि पुढे कित्येक रात्री ते झोपायलाच भिते. कारण झोपले की माणसे नाहीशी होतात असा त्याचा अनुभव झालेला असतो. म्हणून जाण्यापूर्वी आठवडाभर तरी मुलाशी बोलावे. कोठे जाणार, कोणत्या कारखान्यावर, किती दिवस, मागे कोण सांभाळणार, हे त्याला सांगावे. परतण्याची खूण त्याच्या ध्यानात येईल अशी द्यावी. ‘मार्चमध्ये येऊ’ यापेक्षा ‘ज्वारीची काढणी-मळणी उरकेल तोवर येऊ’ हे खेड्यातील मुलास अधिक कळते. निघताना ते रडले तर रडू द्यावे. रडून निरोप दिलेले मूल न सांगता टाकून गेलेल्या मुलापेक्षा लवकर सावरते. गेल्यावर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी फोन करावा. रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदाच, पण चुकवू नये. आणि त्या फोनवर पहिला प्रश्न अभ्यासाचा नसावा. शेळी व्याली का, आजीचा गुडघा कसा आहे, शाळेत कोणता खेळ झाला, असे विचारावे. मुलाला आपले जग आई-बापांच्या ध्यानात आहे हे कळणे, एवढेच त्या फोनचे काम.

मागे राहणाऱ्या आजीकडे शिक्षकाने विशेष लक्ष पुरवावे. पालकसभेचे निमंत्रण हंगामात तिच्या नावाने जावे. तिला लिहिता-वाचता येत नसले तरी ‘आज शाळेत काय झालं?’ एवढे विचारून नातवाचे बोलणे ऐकणे तिला येते, आणि त्याचे मोल शिकवणीहून कमी नाही. ज्या गावांत हंगामी वसतिगृहाची सोय होते तेथे मुलाचे नाव वेळेवर नोंदविण्याचे काम शिक्षकाने स्वतः अंगावर घ्यावे. जे मूल टोळीबरोबर जाते त्याच्याजवळ शिक्षण हमी कार्ड द्यावे. आणि उलट, बाहेरून टोळीबरोबर आलेले मूल जेऊर परिसरातील शाळेत दाखल होण्यास आले तर दाखल्यावाचून त्याला परत पाठवू नये; दाखला नाही वा उशीर झाला या कारणाने प्रवेश अडविता येत नाही, आणि वयानुरूप वर्ग देणे हेही कायद्यानेच बंधनकारक आहे. अशा मुलाला पहिल्या दिवशी बसायला ठरलेली जागा, जोडीला एक सोबती आणि नावाने हाक मिळाली तर वर्षाचा निम्मा भाग फुकट जात नाही.

मुलांच्या जागी शाळेने जावे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे हेच केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून कुरणातच शाळा भरविली. येथे कुरणांच्या जागी उसाचे फड आहेत, एवढाच फरक.

आता घरात राहणाऱ्या, तुलनेने सुस्थितीतील मुलांविषयी. त्यांची अडचण निराळी. बागायती पैसा आल्यावर आई-बापांना वाटू लागते की आपण जे भोगले ते पोराने भोगू नये. इच्छा रास्त आहे. पण तिचा परिणाम असा होतो की मुलाच्या वाट्याला घरचे एकही काम उरत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाने आपले ताट घासावे, कोंबड्यांना दाणे टाकावे, पाहुण्यास पाणी द्यावे. दहा वर्षांच्याने दुकानातून सामान आणून हिशेब द्यावा. हिशेबात पाच रुपये चुकले तर त्याला पुन्हा पाठवावे. स्वतः जाऊन निस्तरू नये. काम मात्र खरे असावे आणि वयाला झेपणारे असावे. शाळा बुडवून पाणी धरायला वा केळीच्या बागेत राबायला लावणे ही जबाबदारी नव्हे, तो बोजा होय. हेही लक्षात असावे की बहुतेक घरांत कामे मुलीच्या वाट्याला येतात आणि लाड मुलाच्या. यामुळे नुकसान दोघांचेही होते, आणि हे सभेत स्पष्ट बोलावे.

परीक्षेतील अपयश हा तर मोठाच विषय. शिष्यवृत्ती आणि नवोदयची प्रवेश परीक्षा या दोन शब्दांनी अलीकडे प्राथमिक शाळांतील मुलांची झोप उडविली आहे. जागा मोजक्या आणि बसणारे पुष्कळ, तेव्हा बहुतेकांची निवड होणार नाही हे गणित पालकांनी निकालाआधीच मुलाला सांगून ठेवावे. निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाचे नाव घरात उच्चारू नये. ‘तू हुशार आहेस’ या स्तुतीपेक्षा ‘ही उदाहरणे तू चार वेळा करून पाहिलीस, म्हणून जमली’ ही स्तुती अधिक उपयोगी. कारण पहिली स्तुती गुण कमी पडताच खोटी ठरते, दुसरी ठरत नाही. शाळांनीही प्रवेशद्वारावर केवळ यशस्वी मुलांची छायाचित्रे लावताना उरलेल्या वर्गाला रोज त्याखालून जावे लागते, याचा विचार करावा.

मोबाईलविषयी थोडक्यात. जेवताना आणि झोपण्यापूर्वीच्या तासात तो घरात कोणीच वापरू नये, हा एकच नियम पाळता आला तरी पुष्कळ झाले. बापाने बाजेवर पडून चित्रफिती पाहाव्यात आणि पोराला पुस्तक घे म्हणावे, याने काहीही साधत नाही.

राहिली भीती आणि दुःखाची गोष्ट. २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या फुगवट्यात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा बळी गेला. अशा प्रसंगानंतर मोठी माणसे मुलांसमोर बोलणे टाळतात. मुले मात्र कुजबुज ऐकतात आणि उरलेले मनाने रचतात. त्यांना झाले ते साध्या शब्दांत, न वाढविता सांगावे. ‘देवाघरी गेला’ म्हटल्यावर लहान मूल तो परत केव्हा येणार असे विचारते. तेव्हा मृत्यू म्हणजे परत न येणे, हे हळुवारपणे पण खरे सांगावे. पाण्याकाठच्या वस्त्यांवरील मुलांना पाण्याची भीती घालण्यापेक्षा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहायला शिकवावे, एकटे पाण्यात उतरू देऊ नये, आणि बोटीत बसताना जीवरक्षक जाकिटाचा आग्रह धरावा.

मूल दोन-तीन आठवडे सतत गप्प राहिले, जेवण-झोप बिघडली, अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले, खेळ सुटला वा शाळेचे नाव काढताच पोट दुखू लागले, तर ‘नाटक करतो’ म्हणून सोडून देऊ नये. शिक्षकाने पालकास एकट्यास बोलावून सांगावे. भर सभेत नव्हे. प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६ हा शासनाचा विनामूल्य दूरध्वनी २०२२ पासून चालू आहे, आणि मूल मारहाण, छळ वा अन्य संकटात असल्यास १०९८ वर कळविता येते. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर, मुलाच्या नजरेच्या उंचीवर लिहावेत.

सभेच्या वेळेविषयी एक सूचना. सकाळी अकराची सभा नोकरदारांच्या सोयीची. मजुरीवर जाणारी आई त्या वेळी रानात असते, आणि एका सभेसाठी तिला दिवसाचा रोज बुडवावा लागतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. त्यांनाच विचारून वेळ ठरवावी. दिवेलागणीनंतर मंदिराच्या किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर अर्ध्या तासाची बैठक अधिक भरते. तोडणीच्या हंगामात एक बैठक फडाजवळच्या कोपींवर घ्यावी. ती भाकरी टाकायच्या वेळेच्या आधी संपवावी, आणि मुलांनाही तेथे बसू द्यावे.